कुंड्यात मावेल तेवढं पीठ

"किती पीठ?" बखीतने तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलं ना, कुंड्यात मावेल तेवढं," नईमाने तिसऱ्यांदा सांगितलं.

आता याला काय उत्तर म्हणायचं? बखीतने एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. गाडी कितीला आली, कितीला गेली, फाटक किती मिनिटं बंद होतं, सगळं वहीत, काळ्या शाईत. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा असतो, आणि तो ठाऊक नसेल तर माणसाने त्या कामाला हात लावू नये, असं त्याचं सरळ मत. आणि आज हाच माणूस बाह्या कोपराच्या वर सरकवून मातीच्या कुंड्यासमोर बसला होता, मांडीवर वही उघडी, आणि 'पीठ' या शब्दापुढची जागा कोरी. शेवटी वैतागून त्याने वाटी आणली आणि मोजून चौदा वाट्या पीठ ओतलं. नईमाने कपाळावर हात मारून घेतला. तो हात प्लॅस्टरमध्ये होता हे ती विसरली. कपाळाला चांगलंच लागलं, आणि त्याचं खापरही बखीतवरच फुटलं.

सगळं सुरू झालं ते त्या हातापासून. मागच्या महिन्यात पाव भाजायच्या दिवशी नईमा मातीच्या थाळ्यांची चळत घेऊन गच्चीचा जिना उतरत होती, आणि तिचा पाय सरकला. सहा थाळ्या फुटल्या आणि एक मनगट. जवळच्या इस्ना शहरातल्या डॉक्टरने प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, की प्लॅस्टर निघालं तरी हा हात आता पीठ तिंबायच्या कामाचा राहिला नाही. तेव्हापासून शेजारची उम्म झगलूल आपल्या पावांतले चार पाव भिंतीवरून देत होती. पण दुसऱ्याच्या भट्टीचा पाव माणूस किती दिवस खाणार?

मग मुलीचा फोन आला. समीहा त्यांची एकुलती एक, कैरोला नवरा आणि तीन पोरांबरोबर राहायची. ती म्हणाली, बाबा, झालं आता, दोघंही इकडे या, खोली तयार आहे, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी मी स्वतः न्यायला येते. बखीतच्या तोंडचं पाणी पळालं. कैरोतलं ते पाचव्या मजल्यावरचं घर त्याने एकदा आठ दिवस भोगलं होतं. खिडकी उघडली की समोरच्या माणसाची बनियन, आणि ताटात दुकानचा पाव, ज्याला तो फुगवलेलं वर्तमानपत्र म्हणायचा. आठही दिवस तो पलंगावर बसून दक्षिणेकडच्या गाड्यांचं वेळापत्रक पुटपुटत होता.

"यम्माचा हात गेला," समीहा फोनवर म्हणाली. "तुम्हाला दुकानचा पाव चालत नाही. मग तिथे पाव करणार कोण?"

"मी करीन," बखीतच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे ती हसत सुटली, ती इतका वेळ, की याला वाटलं फोन बिघडला. मग तिथल्या तिथे पैज लागली. समीहा येईल त्या दिवशी ताटात बापाच्या हातचा, उन्हात फुगलेला, कडेला कानांसारखी टोकं नीट फुटलेला पाव असेल, तर दोघं इथेच राहतील आणि कैरोचा विषय पुन्हा निघणार नाही. नसेल, तर दोघं तोंडातून शब्द न काढता तिच्याबरोबर गाडीत बसतील. नईमा शेजारीच बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. बखीतने ते मत आपल्या बाजूचं धरलं आणि फोन ठेवला.

हातात अकरा दिवस होते. गल्लीत पाव भाजायचे वार दोन, शनिवार आणि मंगळवार, म्हणजे तीन वेळा हात साफ करून घ्यायचा आणि गुरुवारी परीक्षा.

पहिला मंगळवार. चौदा वाट्या पीठ, मीठ, कोमट पाणी, आणि उम्म झगलूलने आपल्या मागच्या पिठातून राखून दिलेला खमिराचा गोळा, ज्याला असा आंबट वास येत होता की बखीतने नाकाला बाही लावली. पाणी किती, तर पीठ मागेल तेवढं. तिंबायचं किती वेळ, तर पिठाने बोटं सोडेपर्यंत. पिठाने बोटं काही सोडली नाहीत. ते मनगटापर्यंत चढलं, वहीला लागलं, घड्याळाच्या पट्ट्यात शिरलं. नईमा डाव्या हाताने वरून पाण्याचे शिंतोडे मारत होती आणि सांगत होती की तुम्ही पीठ मळताय की पिठाला आंघोळ घालताय, जोर लावा, जोर.

गोळे थाळ्यांवर ठेवले, खाली कोंडा पसरला, थाळ्या गच्चीवर उन्हात नेल्या. आता किती वेळ ठेवायचे? तयार होईपर्यंत, नईमा म्हणाली. बखीतने वही मिटून भिंतीवर फेकली. मग मात्र तिला दया आली असावी, कारण ती म्हणाली, ठेवा दोनेक तास. बखीतने वही उचलली आणि लिहिलं, एकशे वीस मिनिटं.

पण महिना अमशीरचा. या महिन्यातलं ऊन म्हणजे नुसता उजेड, वर बोचरा वारा. एकशे विसाव्या मिनिटाला गोळे होते तसेच होते. याने तरी ते उचलले, उसाच्या पाचटाने भट्टी पेटवली, भुवया जाळून घेतल्या आणि लांब दांड्याच्या फळीवरून एकेक गोळा आत सारला. बाहेर निघाले ते धोंडे. कबुतरांनी दोन चोची मारल्या आणि ती उडून गेली. बखीतने हट्टाने एक संपवला आणि पुढचे दोन दिवस डाव्या दाढेने जेवला.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या दुकानात त्याच्या जुन्या सोबत्यांनी खुर्ची पुसून दिली आणि वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'हाज' म्हणून अदबीने विचारलं, हाज, भाचीचं लग्न आहे, शंभर पाव टाकाल का? दुसरा म्हणाला, नको बाबा, भिंत बांधायची असती तर घेतले असते. बखीत चहा अर्धा टाकून उठला. नाक कापलं गेलं ते गेलंच, पण पाचवा मजला डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शनिवारी नईमाने घड्याळ काढून घेतलं. म्हणाली, पिठाकडे बघा, मनगटाकडे नाही. थोड्या थोड्या वेळाने वर जायचं, थाळ्या उन्हाकडे फिरवायच्या, गोळा अर्धा फुगला की कडेला काट्याने चिरा द्यायच्या म्हणजे कान फुटतात, आणि पुरता फुगला की क्षणभरही थांबायचं नाही. बखीत म्हणाला, एवढंच ना? एवढंच, ती म्हणाली.

एवढंच नव्हतं. भाजायच्या दिवशी सकाळी सगळ्या गच्च्या बायकांच्या. उम्म झगलूल, तिच्या दोन सुना, पलीकडची वकिलीण, सगळ्यांच्या थाळ्या उन्हात मांडलेल्या, डोक्यावरचे रुमाल काढलेले, न्हालेले केस मोकळे सोडलेले. पुरुषाला अशा वेळी गच्चीवर जायचं असेल तर त्याने जिन्यातूनच 'या सातिर' म्हणून हाक द्यायची आणि थांबायचं. म्हणजे वर रुमाल बांधले जातात, कोण आडोशाला जाते, मग याने पाय ठेवायचा. बखीतच्या आयुष्यात अशी हाक वर्षाकाठी एकदा, पाण्याच्या टाकीसाठी. त्या शनिवारी त्याने तासाभरात सात वेळा हाक दिली. सातही वेळा चार गच्च्यांवर धांदल उडाली, रुमाल शोधले गेले, आणि हा वर जाऊन गोळ्यांकडे बघून, काही कळलं नाही म्हणून, खाली आला. सातव्या वेळी भिंतीपलीकडून उम्म झगलूलचा आवाज आला.

"हाज, तुम्ही पाव करताय की आमची कवायत घेताय?"

बखीत लाजेने अर्धा झाला. पुढच्या वेळी त्याने हाक दिली ती इतकी हळू, की त्याची त्यालाच ऐकू आली नाही. वर गप्पा चाललेल्या. कुणाची नणंद, कुणाचं बाळंतपण, कुणी कुणाला काय म्हटलं. हा जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून उभा. पुन्हा हाक द्यावी तर लाज वाटते, वर जावं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तो आपला उभाच राहिला. वर उन्हात गोळे फुगत होते, फुगून पुरे झाले होते, आणि ते वाया चाललेत हे त्याला कळतही होतं. बायका उठल्या तेव्हा तो धावत वर गेला. गोळे थाळ्यांच्या कडांवरून खाली ओघळले होते. भट्टीत त्यांच्या चपट्या, आंबट ढोण चकत्या झाल्या.

"मोठ्याने ओरडायचं ना," नईमा म्हणाली.

"बायामाणसांत ओरडू?"

"माझ्यावर एकेचाळीस वर्षं ओरडलात, तेव्हा घसा बरा चालत होता."

त्या दिवशी दोघांनी एकमेकांशी बोलायचं सोडलं. बखीतने ओटीवर बसून मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. ट्रान्झिस्टर, वह्या, उशी. आपण काय एवढं मागितलं होतं? आपलं घर, आपला पाव. त्यासाठी या वयात बायकांच्या शिव्या खाव्या लागतात म्हणजे हद्द झाली. संताप संताप झाला त्याचा. पिठावर, अमशीरच्या उन्हावर, 'मागेल तेवढं' या मापावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की ज्या गच्चीखाली जन्म काढला तिथे सकाळी काय चालतं याचा आपल्याला पत्ता नसावा.

दुसऱ्या दिवशी नईमा प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून शेजारी गेली आणि बऱ्याच उशिरा परतली. निकाल तिने उभ्या उभ्या सांगितला. मंगळवारी बखीतने सकाळी एकदाच हाक द्यायची, वर यायचं, आणि कबुतरखान्याजवळचा कोपरा धरून शेजारच्या गच्च्यांकडे पाठ करून बसायचं. उठायचं नाही, वळायचं नाही. बायका रुमाल बांधून बसतील.

"उम्म झगलूल म्हणाली, पाव होईपर्यंत हाजला आम्ही पुरुषांत धरत नाही," नईमा म्हणाली.

बखीतला राग यावा की हायसं वाटावं ते कळेना. दोन्ही झालं.

मंगळवारी तो कोपऱ्यात जाऊन बसला. पाठीमागे आधी कुजबुज, मग दबलेलं हसू, मग नेहमीच्या गप्पा. मधून मधून भिंतीपलीकडून हुकूम यायचा. हाज, थाळ्या फिरवा. हाज, बोटाची मागची बाजू लावून बघा. खड्डा पडला आणि सावकाश भरून आला की झालं, लगेच उसळला तर अजून कच्चं. बखीतने बोट लावलं. खड्डा पडला. तो थांबला. खड्डा सावकाश, अगदी आळस देत, भरून आला. त्याने आयुष्यात हजारो सिग्नल पाडले होते, पण असं काही बोटाखाली बघितलं नव्हतं. वही खाली राहिली होती हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गप्पा नईमावर आल्या. ती वर येत नाही तर करमत नाही, असं एक सून म्हणाली. उम्म झगलूल म्हणाली, करमत तर तिलाच नाही, धाकटा नातू दोन वर्षांचा झाला तरी तिने अजून मांडीवर घेतला नाही. कशी जाणार, शनिवार झाला की मंगळवार येतो. बखीतला वाटलं, सुट्टीत येतील की ते इकडे, तेव्हा घेईल मांडीवर. आणि तो काटा घेऊन चिरा द्यायला लागला.

त्या दिवशीचे पाव साधलेच होते, पण शेवटच्या घटकेला अमशीरने दगा दिला. वाळूची वावटळ उठली, बायकांनी भराभर आपल्या थाळ्यांवर चादरी टाकल्या, आणि बखीतकडे चादरच नव्हती. भट्टीतून पाव निघाले ते फुगलेले, तांबूस, कानवाले, आणि दाताखाली करकर वाजणारे. नईमाने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, अंगणात थुंकली. मग दुसरा घास घेतला.

"मीठ कमी," ती म्हणाली.

एवढंच. टोमणा नाही, कपाळाला हात नाही. बखीत त्या रात्री गाढ झोपला.

गुरुवारी गल्लीत भाजायचा वार नव्हता, तरी उम्म झगलूलने आपली चादर भिंतीवर टाकून ठेवली होती. बखीतने पहाटेची फजरची नमाज पढून पीठ घेतलं, कुंड्यात मावेल तेवढं. पाणी घातलं, पीठ मागत होतं तेवढं. तिंबता तिंबता कधीतरी पिठाने बोटं सोडली आणि ते कानाच्या पाळीसारखं मऊ झालं. नईमा उंबऱ्यावर बसली होती, पण आज तिने पाण्याचा थेंब मारला नाही की सूचना केली नाही. खमिराचा गोळा काढून ठेवायचं त्याला आठवलं तेव्हा मात्र तिने मान हलवली.

दुपारी समीहा आली. तिने हात धुतले, बैठकीवर बसली, आणि बापाने पांढरं फडकं उचललं. दहा पाव. प्रत्येकाला चार कान. तिने एक मोडला; वाफ निघाली. तिने तो नुसता खाल्ला, मग भेंडीच्या रश्शाबरोबर दुसरा घेतला, आणि दुसऱ्याच्या अर्ध्यावर डोळे पुसले.

"बाबा, हा तर तिच्या हातचा आहे," ती म्हणाली.

"विचार तिला. तिने बोट लावलं नाही."

बखीतची छाती अशी भरून आली की त्याला बसवेना. तो उठून खोलीत येरझारा घालायला लागला, चहाच्या दुकानातल्या त्या दोघांना उद्या काय काय ऐकवायचं ते जुळवत. ठरलं तसं झालं होतं. पाचवा मजला संपला. तेवढ्यात नईमा आतून आली. काळी शाल पांघरलेली, डाव्या हातात कपड्यांची पिशवी. ती पिशवी आज भरलेली दिसत नव्हती. नीट, सावकाश, चारआठ दिवस भरत आणलेली दिसत होती.

"समीहा, गाडी कितीला आहे?" तिने विचारलं.

"अगं, पण ठरलं होतं," बखीत म्हणाला. "पाव झाला तर राहायचं."

"ते तुमचं आणि हिचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं?"

नईमा बैठकीच्या कडेला टेकली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट ती दमलेली वाटत होती.

"एकेचाळीस वर्षं, आठवड्यातून दोनदा," ती म्हणाली. "लग्नाला गेले तर मंगळवारच्या आत परत. आई गेली तेव्हा शनिवारच्या आत परत. पोरीची तिन्ही बाळंतपणं झाली, मी एकाला पोचले. का, तर या माणसाला दुकानचा पाव गिळत नाही. हात मोडला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की सुटले. मग वाटलं, सुटले कसली, हा उपाशी मरेल. म्हणून शिकवलं. नाहीतर अकरा दिवस घसा फोडून घ्यायची मला काय हौस होती? आता तुम्हाला येतं. आता मला जायला हरकत नाही."

बखीत उभाच होता. त्याला खूप राग यायला हवा होता, आणि तो शोधत होता, पण सापडत नव्हता. आपण अकरा दिवस जे पीठ तिंबलं ते तिला इथे ठेवून घ्यायला, आणि तिने तेच तिंबून घेतलं ते जायला. दोघंही एकाच कुंड्यावर बसून होतो.

"कधी येशील?" त्याने विचारलं.

"नातू मांडीवर बसून कंटाळला की. बघू."

ती फडक्यात पाव बांधायला लागली, गाडीत खायला. एका हाताने गाठ बसेना. बखीत पुढे झाला आणि त्याने गाठ मारली. तिने चार घेतले होते, चार ठेवले होते. त्या चारांकडे बघताना त्याला जे सुचलं ते त्याने विचारलं, कारण दुसरं काही विचारायची त्याला हिंमत होईना.

"एकट्याला किती पीठ घ्यायचं, ते नाही सांगितलंस."

नईमाने पिशवी उचलली होती, ती पुन्हा खाली ठेवली. विचार केला.

"एकट्याचं मला कुठे ठाऊक?" ती म्हणाली. "मी कधी एकटीसाठी मळलंय?"

मग तिने पिशवी उचलली, आणि दारातून वळून त्याला कुंडं भिजत घालायला सांगितलं, नाहीतर शनिवारी पीठ खरवडत बसाल.